कमळजेची साक्ष

मागील वर्षी धर्मग्रामाच्या सणाच्या सायंकाळी आमच्या तरुण मंडळाने सभागृहात शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचा शेवटचा प्रवेश मराठीतून करून दाखविला. तालमी जुळवून आणणे हेच मोठे काम होते. ऑथेल्लो झालेला मुलगा चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला, इयागो भोसरीत रात्रपाळीला आणि डेस्डिमोनाचे काम करणारी मुलगी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. रविवारच्या मिस्सानंतरचे दोन तास तेवढे सर्वांच्या हाती असत. तरीही मुलांनी प्रवेश चांगला बसविला. मंचावरील दिवा मंद झाला, ऑथेल्लो शय्येजवळ आला, झोपलेल्या पत्नीला उठवून 'तू रात्रीची प्रार्थना केलीस का' असे विचारू लागला, आणि सारे सभागृह चिडीचूप झाले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एका आजीबाईंचा आवाज आला, "आरं, त्या बाईला एकदा नीट ईचार तरी!"

लोक हसले. आम्हीही हसलो. आजीबाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. मुलगा कारखान्यात लागला तेव्हा त्याच्याबरोबर पिंपरीला आलेल्या. शेक्सपिअर हे नाव त्यांनी त्या संध्याकाळी प्रथमच ऐकले असावे. परंतु रात्री प्रार्थनेला बसलो असता त्यांचे ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. सेमिनरीत असताना आम्ही हे नाटक इंग्रजीतून अभ्यासले होते. नायकाचा दोष कोणता, इयागोच्या दुष्टपणामागे हेतू कोणता, यांवर पानेच्या पाने लिहिली होती. त्या बाईचे म्हणणे कोणी ऐकले आणि कोणी ऐकले नाही, हा प्रश्न मात्र आमच्या वहीत कोठेही नव्हता. आजीबाईंनी नेमके त्यावरच बोट ठेवले होते.

त्यानंतर आम्ही नाटक पुन्हा वाचले. मराठी रंगभूमीवर ते कसे आले, कोणत्या काळात आले, तेही पाहिले. या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

दोन चौकश्या

या कथेचे मूळ इटालियन लेखक जिराल्दी चिंथिओ याच्या १५६५ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात आहे. शेक्सपिअरने तिचे नाटक केले आणि १ नोव्हेंबर १६०४ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लंडनच्या राजवाड्यात राजापुढे त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. कथानक बहुतेकांस ठाऊक असेल. व्हेनिसच्या सेनेत मोठ्या पदाला चढलेला ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा मूर. सरदार ब्रॅबान्शिओची कन्या डेस्डिमोना त्याच्याशी गुप्तपणे विवाह करते. ऑथेल्लोचा हाताखालचा अधिकारी इयागो त्याच्या मनात पत्नीविषयी संशय पेरतो. एका रुमालाच्या आधारे तो संशय पक्का होतो, आणि ऑथेल्लो निर्दोष पत्नीचा गळा दाबून जीव घेतो.

नाटक पुन्हा वाचताना आमच्या लक्षात आले की त्यात चौकश्या दोन आहेत. एक आरंभी आणि एक अखेरीस. पहिल्या चौकशीत आरोपी खुद्द ऑथेल्लो आहे. आपल्या मुलीला याने जादूटोण्याने भुलविले, असा आरोप घेऊन ब्रॅबान्शिओ रात्रीच्या वेळी राज्यसभेपुढे येतो. आरोप करणारा प्रतिष्ठित सरदार, आरोपी परका आणि काळा. निकाल कोणत्या बाजूला झुकेल हे उघड दिसते. परंतु व्हेनिसचा अधिपती म्हणतो की नुसता आरोप हा पुरावा होत नाही. तो ऑथेल्लोला बोलू देतो. ऑथेल्लो एकच विनंती करतो : माझ्या पत्नीला येथे बोलवा, तिच्या पित्यासमोर तिला विचारा; तिने माझ्याविरुद्ध सांगितले तर माझा प्राण घ्या.

डेस्डिमोना येते. भर सभेत, वडिलांच्या तोंडावर, ती शांतपणे सांगते की पित्याचे ऋण मला मान्य आहे, परंतु माझ्या आईने जसे तिच्या पित्यापेक्षा तुमचे स्थान वरचे मानले, तसेच मी आता माझ्या पतीचे मानते. एवढ्यावर ती थांबत नाही. पती सायप्रसच्या मोहिमेवर निघाला असता आपल्यालाही बरोबर जाऊ द्यावे, अशी मागणी ती सभेपुढे करते. सभा तिचे ऐकते आणि ऑथेल्लो सुटतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ऑथेल्लोची अब्रू एका स्त्रीच्या साक्षीने वाचली, आणि ती साक्ष घ्या असा आग्रह त्याने स्वतः धरला होता.

दुसरी चौकशी सायप्रसमध्ये, घराच्या चार भिंतींत होते. या वेळी न्यायाधीश ऑथेल्लो आहे आणि आरोपी डेस्डिमोना. येथेही साक्षीदार नाही असे नव्हे. इमिलिया ही डेस्डिमोनाची सखी आणि इयागोची पत्नी. रात्रंदिवस ती तिच्या सोबत असते. ऑथेल्लो तिला विचारतो, आणि ती सांगते की बाईसाहेब निष्पाप आहेत, यावर मी माझा आत्मा पणाला लावते. ती बाहेर जाताच ऑथेल्लो मनाशी म्हणतो, अशा बायका असेच बोलायच्या. मग तो पत्नीला बोलावतो. परंतु त्याच्या तोंडचे प्रश्न म्हणजे प्रश्नाचा वेष घेतलेले निकाल आहेत. तिने काय केले हे तो विचारीत नाही. तू अशी आहेस ना, एवढेच पुन्हा पुन्हा विचारतो. ती 'नाही' म्हणाली की तिच्या पापांत खोटे बोलण्याच्या पापाची भर पडते आणि ती रडली की ते नाटक ठरते.

शेवटच्या प्रवेशात तर तो तिला पापनिवेदन करावयास सांगतो. आम्हां धर्मगुरूंना हा प्रवेश वाचताना विशेष अस्वस्थ वाटते. पापनिवेदन संस्कारात येणारा मनुष्य स्वतःवर आरोप करतो. ऐकणारा त्याच्यावर आरोप करीत नाही. तेथे ऐकणे हेच धर्मगुरूचे पहिले कर्तव्य असते. ऑथेल्लो धर्मगुरूची जागा घेतो, न्यायाधीशाचीही घेतो आणि मारेकऱ्याचीही घेतो. ऐकणाऱ्याची जागा तेवढी रिकामी राहते. कॅसिओला बोलवा, त्याला विचारा, असे ती विनवते. व्हेनिसच्या सभेत ऑथेल्लोने स्वतःसाठी जी विनंती केली होती तीच ही विनंती होय. ती त्याला ओळखूही येत नाही.

पुण्यातील ऑथेल्लो

हे नाटक मराठीत फार लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी केलेले 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले. १८७९ च्या सुमारास पुण्यातील सुशिक्षितांच्या आर्योद्धारक नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. या मंडळीशी गोविंद बल्लाळ देवल यांचा निकटचा संबंध होता. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे देवल म्हणजे पुढे 'शारदा' लिहून जरठ-कुमारी विवाहाचे दुःख महाराष्ट्राच्या घरोघर पोहोचविणारे नाटककार. १८९० साली त्यांनी 'ऑथेल्लो'ला मराठी पेहराव चढविला आणि 'झुंजारराव' हे नाटक सिद्ध झाले. ऑथेल्लो झाला झुंजारराव आणि डेस्डिमोना झाली कमळजा. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे थोर नट गणपतराव जोशी यांचा झुंजारराव पाहावयास लोक गर्दी करीत.

झुंजारराव गाजला तो गणपतरावांच्या नावाने, ही गोष्ट स्वाभाविकच होती. संतापाने पेटलेला, प्रेमाने पोळलेला वीर पुरुष पाहण्यात प्रेक्षकांना थरार वाटे. कमळजेच्या वाट्याला प्रेक्षकांचे अश्रू आले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. गणपतरावांसमोर नायिका होत असत ते बाळाभाऊ जोग. शेक्सपिअरच्या इंग्लंडातही निराळी स्थिती नव्हती. तेथे कोवळ्या वयाची मुले स्त्रीपार्टी असत. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीने प्रथम पाऊल ठेवले ते ८ डिसेंबर १६६० रोजी, आणि तिने केलेली भूमिका होती डेस्डिमोनाचीच. आपल्याकडे केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातच निघाल्या होत्या, परंतु प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने रंगमंचावर येण्यास १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकापर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे निरपराध पत्नीचे दुःख कसे दिसावे, तिने किती बोलावे, कोठे रडावे आणि कोठे गप्प राहावे, हे बराच काळ पुरुषांनी लिहिले, पुरुषांनी वठविले आणि बहुतांशी पुरुषांनीच वाखाणले. यात कोणा कलावंताचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. मात्र कमळजेची साक्ष तिच्या स्वतःच्या आवाजात नोंदली जाण्यास उशीर झाला, हे मान्य केले पाहिजे.

नाटकाबाहेरची न्यायालये

'झुंजारराव' ज्या वर्षी लिहिले गेले ते वर्ष नीट पाहावे. त्याच्या मागच्या दहा वर्षांत महाराष्ट्रात आणि शेजारी स्त्रीच्या साक्षीचा प्रश्न खऱ्याखुऱ्या न्यायालयांत उभा राहिला होता.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांनी तिच्यावर आणि एकंदर स्त्रीजातीवर यथेच्छ ताशेरे ओढले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध केले. जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटविता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी याने पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध फिर्याद केली. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्या संमतीने झालेले नाही, म्हणून आपण नांदावयास जाणार नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला. आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९० साली रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि त्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. एवढ्याशा बदलावरून पुण्यात केवढे वादळ उठले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. या वादात कायद्याच्या बाजूने लिहिणारे गोपाळ गणेश आगरकर यांनीही शेक्सपिअर मराठीत आणला होता. १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढताना त्यांनी 'हॅम्लेट'चे काम केले, आणि १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले.

तेव्हा 'झुंजारराव' पाहणारा पुणेकर सकाळी वर्तमानपत्रात रखमाबाईंचा आणि संमतिवयाचा वाद वाचीत होता आणि रात्री नाटकगृहात कमळजेसाठी डोळे पुसत होता. कमळजेसाठी रडणे सोपे होते, कारण ती भांडत नव्हती. रखमाबाई न्यायालयात उभ्या राहून 'नाही' म्हणाल्या, तेव्हा मात्र अनेकांची सहानुभूती आटली. मुकाट्याने मरणाऱ्या स्त्रीला समाज सती म्हणतो आणि बोलणाऱ्या स्त्रीला उद्धट ठरवतो. ही खोड एखाद्या जातीची किंवा धर्माची नाही. आपल्या ख्रिस्ती घरांतही ती आहे.

इमिलिया बोलते

शेक्सपिअरने डेस्डिमोनाला निव्वळ सोशिक केलेले नाही. पहिल्या अंकातली तिची धीट वाणी आपण ऐकली. मग चौथ्या अंकापर्यंत ती इतकी दबून का जाते? व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यांसमोर ऑथेल्लो तिच्या श्रीमुखात मारतो. पाहुणा लोडोव्हिको थक्क होतो. हे मी शपथेवर सांगितले तरी व्हेनिसमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही, असे म्हणतो. तिची समजूत काढा, असेही सुचवितो. परंतु तिला तेथून बाहेर काढण्याचे त्याच्या मनात येत नाही. घरचा मामला म्हणून तो बाजूला होतो. मग डेस्डिमोना सल्ला मागते तो कोणाकडे? इयागोकडे. त्याच्यासमोर गुडघे टेकून ती विचारते, माझ्या पतीला मी परत कशी जिंकू? माहेर तुटलेले, पिता रागावलेला, परका मुलूख आणि आजूबाजूला सारे सैनिक. तिच्या स्वभावापेक्षा तिच्या या एकटेपणाने तिला मुकी केली, असे आम्हांस वाटते. गाव सोडून कारखान्यांच्या या पट्ट्यात एका खोलीत संसार मांडणाऱ्या सुनांकडे पाहिले म्हणजे हे अधिकच पटते.

डेस्डिमोना मरता मरता क्षणभर शुद्धीवर येते. आपण निरपराध मरत आहोत असे म्हणते, आणि हे कोणी केले असे इमिलियाने विचारताच उत्तर देते की कोणी नाही, माझे मीच. या उत्तराला क्षमेचा कळस म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हीही पूर्वी प्रवचनात तसे म्हटले आहे. परंतु सुजलेला डोळा पदराआड लपवून "मोरीत पाय घसरला, फादर" असे सांगणाऱ्या भगिनी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे उत्तर इतके सरळ वाटत नाही. क्षमा ही सत्य ओळखून करावयाची असते. सत्य पुरून टाकले तर क्षमा करण्यासारखे काही उरतच नाही, आणि अपराध्याला पश्चात्तापाची वाटही सापडत नाही. ऑथेल्लोचे डोळे उघडतात ते डेस्डिमोनाच्या झाकण्याने नव्हे. इमिलियाच्या बोलण्याने उघडतात.

ही इमिलिया संत नाही. रुमाल तिनेच उचलून नवऱ्याला दिला होता, आणि डेस्डिमोना तो शोधीत असता ती गप्प राहिली होती. नवऱ्याच्या धाकात आयुष्य काढलेली ती एक साधी बाई आहे. परंतु अखेरच्या रात्री इयागो तिला "घरी जा" म्हणून दटावतो, तेव्हा ती जमलेल्या लोकांना सांगते की नवऱ्याचे ऐकणे माझा धर्म आहे, पण आत्ता नाही. ती रुमालाची हकीकत सांगते, इयागो तिला भोसकतो, आणि धनिणीच्या शेजारी मला निजवा असे म्हणून ती प्राण सोडते. तिची साक्ष ऐकली गेली, परंतु तिची किंमत तिला जिवाने चुकवावी लागली.

याच इमिलियाच्या तोंडी चौथ्या अंकाच्या शेवटी एक भाषण आहे. बायकांनाही नवऱ्यांसारखीच इंद्रिये आहेत, राग आहे, मोह आहे. त्या चुकल्या तर पुष्कळदा नवऱ्यांचेच पाहून चुकतात, असा त्याचा आशय. १६२२ च्या पहिल्या छापील प्रतीत हे भाषण नाही. १६२३ च्या समग्र आवृत्तीत ते आहे. ताराबाई शिंद्यांचे पुस्तकही असेच बराच काळ नजरेआड राहिले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. साडेतीनशे कोसांवरच्या नव्हे, तर सात समुद्रांपलीकडच्या दोन स्त्रियांच्या तोंडी जवळजवळ एकच युक्तिवाद यावा आणि दोन्हीही मध्यंतरी वाचकांपासून दूर राहावेत, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

रुमाल आणि तसबीर

संशयाचा विषय देवलांनी पुढेही सोडला नाही. मोलिएरच्या मूळ कथेवरून त्यांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे प्रहसन लिहिले. त्याचेच संगीत रूप म्हणजे 'संशयकल्लोळ'. ते १९१६ साली, देवलांच्या मृत्यूच्याच वर्षी, रंगभूमीवर आले. शोकांतिकेत रुमाल आहे तसा येथे तसबिरीचा घोटाळा आहे. वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि पाहणारा तिच्यावरून सारी कहाणी मनात रचतो. मग एकीकडे प्रेत का पडते आणि दुसरीकडे हशा का पिकतो?

आमच्या मते याचे मुख्य कारण असे, की 'संशयकल्लोळा'त कृत्तिकाही फाल्गुनरावावर संशय घेते. तीही तोंड सोडते, जाब विचारते, पाळत ठेवते. दोन्ही बाजू बोलतात, म्हणून घोटाळा शेवटी उलगडतो. 'झुंजाररावा'त संशय, चौकशी आणि शिक्षा हे तिन्ही अधिकार एकाच्याच हाती आहेत. ज्या घरात दोघांनाही बोलता येते त्या घरात भांडण होते, आवाज चढतात, शेजारी कान देतात. पण सहसा कोणाचा जीव जात नाही.

रुमालाची आणखी एक बाजू आहे. ऑथेल्लोला दुःख होते ते आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती गेल्याचे, मग ती वस्तू रुमाल असो वा पत्नी. आपल्या १८६० च्या दंडसंहितेतील व्यभिचाराच्या ४९७ व्या कलमामागेही हीच समजूत होती. फिर्याद करण्याचा हक्क पतीला होता. पत्नीला आपल्या पतीविरुद्ध अशी फिर्याद करता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. वैवाहिक निष्ठेचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. पत्नी ही पतीची मालमत्ता नव्हे, एवढेच त्याने स्पष्ट झाले. आज रुमालाची जागा मोबाईलने घेतली आहे. पाळी संपवून घरी आलेला नवरा आधी बायकोचा फोन हातात घेतो, हे ऐकण्याचा प्रसंग आम्हांवर वरचेवर येतो.

दानिएलने काय केले

आपल्या पवित्र शास्त्रात दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नाची कथा आहे. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आरोप करतात. त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून सभा तिला मरणाची शिक्षा सांगते. तेवढ्यात तरुण दानिएल ओरडून उठतो आणि म्हणतो की चौकशी न करता तुम्ही इस्राएलच्या कन्येला दोषी कसे ठरविता? तो दोघा साक्षीदारांना वेगळे करतो आणि प्रत्येकाला विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि सुसान्ना वाचते. दानिएलने येथे कोणताही चमत्कार केला नाही. त्याने दोघांना वेगवेगळे विचारले, एवढेच. आमच्या आजीबाई ऑथेल्लोला हेच सांगत होत्या. ख्रिस्तसभेतही विवाहापूर्वी वधूवरांची चौकशी धर्मगुरू वेगवेगळी करतो आणि दडपणाखाली दिलेली संमती विवाहाला पुरेशी मानीत नाही. त्या रिवाजामागचे शहाणपण आम्हांस या वाचनानंतर अधिक उमगले.

एवढे लिहिल्यावर स्वतःची गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एका रविवारी मिस्सानंतर एक तरुण विवाहित स्त्री भेटावयास आली. ती एका लहान कारखान्यात पॅकिंगचे काम करीत होती. नवरा संशय घेतो, असे ती सांगू लागली. नवरा चर्चच्या प्रत्येक कामात पुढे असणारा आणि आमच्या चांगल्या परिचयाचा होता. आम्ही तिचे दहाएक मिनिटे ऐकले. थोडे सबुरीने घे, काही दिवस काम सोडून पाहा, दोघे मिळून रोझरी म्हणा, असा सल्ला दिला. त्यानंतर नवऱ्याला बोलावले आणि चहा घेत त्याच्याशी तासभर बोललो. तो तुला मारतो का, हा प्रश्न आम्ही तिला विचारला नाही. चार महिन्यांनी ती दोन मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. नंतर शेजाऱ्यांकडून जे कळले ते आम्ही त्या दिवशी एका प्रश्नात समजून घेऊ शकलो असतो. तिला दहा मिनिटे आणि त्याला तास, हा हिशेब आजही आमच्या मनाला टोचतो. व्हेनिसच्या पाहुण्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हा प्रश्न वाचकांच्या आधी आम्ही स्वतःला विचारला आहे.

आता आम्ही दोघांनाही वेगवेगळे आणि सारखाच वेळ ऐकतो. आधी तिला ऐकतो. महिला मंडळातील एखादी जाणती भगिनी तिच्या सोबत बसते. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, हेही सांगतो. यामुळे सारी घरे सावरली असे नाही. काही जोडपी पुन्हा एकत्र नांदू लागली, काही वेगळी झाली. परंतु कोणाची साक्ष न ऐकता तिला परत पाठविल्याचे ओझे तरी पुन्हा चढले नाही.

पुनरुत्थानाच्या पहाटेची पहिली साक्ष स्त्रियांनी दिली, आणि प्रेषितांना त्यांचे बोलणे वायफळ वाटले, असे संत लूक प्रांजळपणे लिहितो. पेत्र निदान उठून कबरीकडे धावत गेला. ऐकलेली गोष्ट खरी आहे की नाही हे पाहावयास उठणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातचे आहे.

२०२४ च्या जानेवारीत शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये भरले, तेव्हापासून मुलांचा नाटकाचा उत्साह वाढला आहे. या वर्षीच्या सणाला त्यांनी 'ऑथेल्लो'चाच पहिला अंक निवडला आहे. राज्यसभा, रागावलेला पिता, आणि सर्वांसमोर उभी राहून बोलणारी डेस्डिमोना. मागील वर्षी शय्येवर मेलेली तीच मुलगी या वर्षी सभेपुढे बोलणार आहे. आजीबाईंना तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आणावयाचे, असे मंडळाने ठरविले आहे. या वेळी त्यांना ओरडावे लागणार नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "बघू."